मॅरेथॉनमध्ये घात करणाऱ्या चुका, आणि चूक झालीच तर काय करायचं

३२व्या किलोमीटरला पोटरी धरून दुभाजकावर बसलेल्या माणसाला विचारलं, की तो सांगतो, "आत्तापर्यंत सगळं मस्त चाललं होतं, अचानक गोळा आला." माझ्या पहिल्या मॅरेथॉनमध्ये मीही हेच सांगत बसलो होतो. नंतर घड्याळातले आकडे उघडून पाहिले तेव्हा कळलं, की 'अचानक' असं काही घडलंच नव्हतं. माग काढत गेलो तर तो थेट पहिल्या पाच किलोमीटरपर्यंत पोचला, आणि थोडा आदल्या दिवसापर्यंतही.

मोठ्या शहराच्या मॅरेथॉनची गंमत अशी, की आपण चार-पाच महिने सराव करतो तो एकट्याने किंवा ओळखीच्या पाच-सात जणांबरोबर. प्रत्यक्ष धावतो ते तीस-चाळीस हजारांच्या लोंढ्यात. पाय तयार असतात. त्या लोंढ्यात वाट पाहण्याची, ढकलाढकलीची, ढोल-ताशे आणि टाळ्या ऐकूनही आपल्या वेगाने धावण्याची तयारी मात्र कुणीच केलेली नसते. पुढच्या बहुतेक चुका त्यातूनच होतात.

एक्स्पोमध्ये सहल

शर्यतीआधीच्या या प्रदर्शनात बिब, म्हणजे अंगावर लावायचा क्रमांकाचा कागद, घ्यायला जावं, त्याच्या मागची वेळ मोजणारी चिप चालते का ते तिथल्याच मशीनवर बघावं आणि घरी यावं. माझे तिथे तीन तास गेले. फोटो झाले, फुकटची पेयं झाली, 'फक्त आजच्यासाठी' सवलतीतले मोजे झाले, आणि रात्री पोटऱ्या ठणकत होत्या. ते मोजे मी दुसऱ्या दिवशी घातलेही. १८व्या किलोमीटरला करंगळीला फोड आला.

नवं काही घालू नका, हे सगळेच सांगतात आणि तरी दरवर्षी माणसं नवं घालतात. शूज दगा देतात तेव्हा काय होतं हे पाहायचं तर २०१५ची बर्लिन मॅरेथॉन आठवा. केनियाचा अव्वल मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे, त्याच्या शूजमधले इनसोल, म्हणजे आतले तळवे, धावताना निसटून बाहेर आले आणि घोट्याजवळ फडफडत राहिले. तो तसाच धावला, २:०४:००मध्ये जिंकला, आणि डाव्या पायाचं रक्त वाहिलं ते वेगळंच. तो किपचोगे होता. आपण दहाव्या किलोमीटरला थांबून शूज काढत बसलो असतो. शूज कमीत कमी एका लांब सरावात, तेही ओल्या मोज्यांसह, धावून पाहिलेले हवेत. पाण्याच्या टेबलांजवळ मोजे हमखास भिजतात.

सुरुवातीच्या रेषेआधीचे दोन तास

न्यूयॉर्कला धावणारे पहाटेच फेरीबोटीने किंवा बसने स्टेटन आयलंडला पोचतात आणि मग नोव्हेंबरच्या गारठ्यात काही तास नुसते बसून राहतात. इतर मोठ्या शर्यतींत वाट पाहणं थोडं कमी असेल, पण चुकत नाही. शर्यत सहाला म्हणून आपण चारला खातो. आपल्या गटाला सोडतात पावणेसातला. तोवर पोट रिकामं, पाय ताठलेले, आणि 'असू दे हाताशी' म्हणून अर्धा लिटर पाणी पोटात. नाश्ता शर्यतीच्या नाही, आपल्या गटाच्या वेळेवरून मागे मोजून ठरवा, आणि शेवटच्या तासासाठी एखादं केळं जवळ ठेवा. अंगावर फेकून देता येईल असा जुना शर्ट, बसायला जुनं वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकची पिशवी. उभं राहू नका, बसा.

शौचालयाच्या रांगेचा एक धडा मला एका वयस्कर धावपटूने दिला: बाहेर आल्या आल्या पुन्हा रांगेत लागायचं. हसू आलं होतं. अर्ध्या तासाने नंबर आला तेव्हा मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

बिब दुमडू नका, मागे चिप असते. तो छातीवर किंवा पोटावर दिसेल असा लावा. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरचा फोन लिहायची जागा असते, ती भरा. आणि दुखापत झालेल्या मित्राचा बिब घेऊन धावू नका. बाद होण्याची भीती बाजूला ठेवा. तुम्ही बेशुद्ध पडलात तर डॉक्टरांसमोर नाव, वय, रक्तगट सगळं त्याचं असेल आणि फोन जाईल त्याच्या बायकोला.

पहिला किलोमीटर हळू गेला म्हणून

ही चूक सगळ्यांत महाग पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

माझं लक्ष्य ४२.१९५ किलोमीटरला चार तासांचं होतं, म्हणजे किलोमीटरला ५:४१ (५ मिनिटं ४१ सेकंद). पहिला किलोमीटर गर्दीत ६:४० गेला. समोर चौघं मैत्रिणी हातात हात घालून चाललेल्या, एक जण सेल्फी काढत उलटा धावत होता. मी अस्वस्थ झालो. मग सुरू झालं: डावीकडून घुसा, उजवीकडून निघा, फुटपाथवर चढा, खाली उडी मारा. ते एक मिनिट मी पुढच्या दोन किलोमीटरमध्ये वसूल केलं आणि केवढा आनंद झाला! शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये त्या मिनिटाचं व्याज म्हणून सोळा मिनिटं भरली.

कारण साधं आहे. धावायला किलोमीटरमागे शरीराच्या दर किलो वजनाला साधारण एक कॅलरी लागते. सत्तर किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनला जवळपास तीन हजार. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा असतो तो साधारण दोन हजार कॅलरींचा. उरलेलं चरबीतून आणि वाटेत खाल्लेल्यातून यावं लागतं. वेग वाढवला की शरीर चरबी कमी आणि ग्लायकोजन जास्त जाळतं. झिगझॅग धावताना प्रत्येक झटक्याला तेच होतं. म्हणून 'वॉल', म्हणजे साठा संपून पाय चालेनासे होण्याची ती भिंत, बहुतेकांना तीस-बत्तीसच्या आसपास भेटते. साठा आधीच उधळलेला असला तर सव्वीसलाही.

हरवलेलं मिनिट पंधरा-वीस किलोमीटरमध्ये पसरून भरायचं, किलोमीटरला तीन-चार सेकंद. बस. चिपची वेळ तुम्ही रेषेवरची चटई ओलांडता तेव्हापासून मोजतात, त्यामुळे बंदूक झाल्यावर रेषेपर्यंत पोचायला लागलेली वीस मिनिटं वसूल करायची गरजच नसते. पेसरच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेसाठी एकसारख्या वेगाने धावणाऱ्या झेंडेवाल्याच्या, मागे धावणार असाल तर त्याला चिकटू नका. त्याच्याभोवती इतकी दाटी असते, की पाण्याच्या टेबलाजवळ माणसं एकमेकांच्या टाचांवर पाय देतात. वीस-पंचवीस मीटर मागे राहून त्याचा झेंडा दिसत राहिला की पुरे.

घड्याळात ४२.२ झाले, फिनिश लाइन कुठे आहे?

शर्यतीनंतर सोशल मीडियावर हमखास दिसणारी तक्रार: "रस्ता चुकीचा मोजलाय, माझ्या घड्याळात ४२.७ आले." रस्ता सहसा बरोबर असतो. मॅरेथॉनचा मार्ग मोजतात तो धावू शकणाऱ्या सगळ्यांत जवळच्या रेषेवरून, वळणावर कडेपासून अवघे तीस सेंटिमीटर आतून. शिवाय तो चुकूनही कमी भरू नये म्हणून हजारात एक एवढी जास्तीची लांबी, म्हणजे ४२ मीटर, मुद्दाम धरतात. आपण मात्र प्रत्येक वळण बाहेरून घेतो, पाण्यासाठी तिरके जातो, आणि वर ते झिगझॅग. बर्लिन, लंडनसारख्या शर्यतींत रस्त्यावर निळी रेषा आखतात ती याच जवळच्या मार्गाची.

त्यात उंच इमारती. शिकागोच्या मध्यभागात किंवा लंडनच्या कॅनरी वॉर्फमध्ये उपग्रहाचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात. घड्याळ मग तुम्हाला नदीतून धावताना दाखवतं आणि वेग सांगतं ३:५०. घाबरून वेग कमी करणारे आणि खूश होऊन सैल पडणारे, दोघंही फसतात.

उपाय दोन. घड्याळाने दर किलोमीटरला आपोआप वेळ नोंदवणं (ऑटो-लॅप) बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीजवळ स्वतः बटण दाबा. आणि लक्ष्याचा वेग ठरवताना ४२.७ धरा. चार तासांसाठी घड्याळावर ५:४१ नाही, ५:३७ दिसायला हवं. ५:४१नेच धावलात तर अडीच-पावणेतीन मिनिटं उशीर ठरलेला.

पाणी: कमी पडलं त्यापेक्षा जास्त झालं

'तहान लागायच्या आधी प्या' हे वाक्य ऐकत आपण मोठे झालो. पण पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते जिवावर बेतू शकतं. २००२च्या बोस्टन मॅरेथॉननंतर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम लिटरमागे १३५ मिलिमोल किंवा त्याहूनही खाली आलेलं होतं. त्याच शर्यतीत एका तरुणीचा यातूनच मृत्यू झाला होता. धोका जास्त दिसला तो धावताना वजन वाढलेल्यांना आणि चार तासांहून अधिक वेळ लागणाऱ्यांना, म्हणजे आपल्यासारख्यांना. प्रत्येक टेबलावर थांबायला वेळ असतो, घाम त्या मानाने कमी.

अंगठी घट्ट होणं, बोटं सुजणं, पोटात पाणी डुचमळणं, मळमळ, डोकं ठणकणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. अशा वेळी 'पाणी कमी पडलं वाटतं' म्हणून आणखी दोन ग्लास पिणं हा उलटा उपाय. पिणं थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा. एरवी तहानेला उत्तर द्यायचं, टेबलाला नाही.

पण उकाडा असेल तर हिशेब बदलतो. २००७मध्ये शिकागोची शर्यत ३० अंशांच्या पुढच्या उकाड्यात साडेतीन तासांनी मध्येच थांबवावी लागली होती. तशा दिवशी लक्ष्य आदल्या रात्रीच बदला, रस्त्यावर बदलायचं धैर्य होत नाही.

टेबलाजवळची रीतही शिकण्यासारखी आहे. पहिल्या टेबलावर सगळे तुटून पडतात, शेवटचं मोकळं असतं. नजर मिळवा, हात पुढे करा, ग्लासची कड चिमटीत दाबून चोच करा आणि घोटघोट प्या. थांबायचं असेल तर कडेला या. मागचा माणूस तुमच्यावर आदळेल, नाहीतर तुम्ही पडलेल्या ग्लासांवरून घसराल.

जेलचं, म्हणजे धावता धावता खायच्या घट्ट गोड पाकाच्या पाकिटाचं, थोडक्यात: पहिलं चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत, नंतर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, आणि जेलबरोबर साधं पाणी. जेलवर गोड एनर्जी ड्रिंक घेतलं की पोट बंड करतं. 'वॉल' लागल्यावर घेतलेलं जेल उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं असतं. वेदनाशामक गोळी मात्र शर्यतीआधी किंवा वाटेत नको. आयब्युप्रोफेन गटातल्या गोळ्या, धावण्याचा ताण आणि कमी-जास्त झालेलं पाणी हे तिन्ही एकदम मूत्रपिंडावर येतात.

टाळ्या

न्यूयॉर्कला पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास क्वीन्सबरो पूल लागतो. वर प्रेक्षक नसतात, फक्त पावलांचा आवाज. पूल उतरून फर्स्ट अव्हेन्यूला लागलं की दोन्ही बाजूंनी गर्जना. तिथे माणसं न कळत किलोमीटरला पंधरा-वीस सेकंद जोरात धावतात, आणि पुढचे सोळा-सतरा किलोमीटर त्याचं प्रायश्चित्त घेतात. प्रत्येक शहराच्या शर्यतीत असा एक चौक असतो. तो आधीच शोधून ठेवा आणि तिथे घड्याळाकडे बघत जा. लहान मुलांना टाळी द्यायला हरकत नाही, तेवढी कॅलरी परवडते.

चढांचंही तसंच. बोस्टनचा बदनाम हार्टब्रेक हिल जेमतेम २७ मीटर चढतो. तो पाय मोडतो कारण ३३व्या किलोमीटरच्या आसपास येतो, आणि त्याआधीच्या उतारांवर सगळे सुसाट सुटलेले असतात.

चूक झालीच

गोळा आला तर उभं राहून झटके देऊ नका. कडेला या, भिंतीला हात टेका, टाच जमिनीवर ठेवून पोटरी हळूहळू ताणा, मग एक-दोन मिनिटं चाला. 'वॉल' लागली तर ठरवून चाला: चार मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, आणि ते मिनिट टेबलाजवळ येईल असं बघा. हरून चालणारा पुन्हा धावत नाही, मोजून चालणारा धावतो. कट-ऑफची, म्हणजे त्यानंतर धावू देत नाहीत ती, वेळ फोनमध्ये नको, मनगटावर पेनने लिहिलेली असू दे.

छातीत दुखणं, तोल जाणं, उन्हात अंगावर काटा येऊन थंडी वाजणं यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत गोल्ड कोस्टला कॅलम हॉकिन्स जवळपास दोन मिनिटांनी आघाडीवर होता. शेवटचे दोन किलोमीटर उरले असताना उन्हाने तो कोसळला. जागतिक दर्जाच्या धावपटूला जे रेटून नेता आलं नाही, ते आपणही रेटू नये.

रेषा ओलांडल्यावर

पहिली चूक म्हणजे घड्याळ बंद करायला मान खाली घालून तिथेच थबकणं. फोटोत डोक्याचा मागचा भाग येतो, हे एक. दुसरं, एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. पदक घ्या आणि दहा मिनिटं चालत राहा.

आणि घरच्यांना 'फिनिशजवळ भेटू' असं सांगू नका. तिथे हजारो लोक, मोबाइलचं नेटवर्क बसलेलं, धावपटूंना बाहेर काढतात ते दुसऱ्याच रस्त्याने. मी पदक गळ्यात घालून पाऊण तास हिंडत होतो. आमचे लोक मला वैद्यकीय तंबूत शोधत होते. पुढच्या वेळी आम्ही जागा ठरवली: फिनिशपासून अर्धा किलोमीटर लांब, एका दवाखान्याच्या पाटीखाली, बसायला कट्टा असलेली. तिथे पोचलो तर बायको चप्पल घेऊन उभी होती.