चालू मशीनमध्ये हार्डडिस्क लावली आणि दिसतच नाही? आधी रीसेट बघा

इंदूरला रामबागेत मामांचा फोटो स्टुडिओ आहे, तिथली चार खणांची लिनक्स मशीन मी सांभाळतो. लग्नसराईत एक डिस्क चालू मशीनमध्ये लावली तर दिसेचना, दुकानात नेली तर तिथला मुलगा दोन मिनिटं बघून म्हणाला, "भिया, ये तो गई". गेली नव्हती, आजही चालतेय. म्हणून म्हणतो, डिस्क भंगारात टाकायच्या आधी रीसेटचं, म्हणजे डिस्क आणि मशीनच्या पहिल्या ओळखीचं, काय झालं ते बघत जा.

जुनी डिस्क काढताना अनमाउंट करा, रेडमध्ये (अनेक डिस्क मिळून एक अॅरे) असेल तर अॅरेतून फेल करून रिमूव्ह करा, मग सिसएफएसमध्ये (/sys खालच्या फाइली) तिच्या डिलीट फाइलीत १ लिहा. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कॅशेत राहिलेला डेटा डिस्कवर लिहून मोटर थांबवतो. हात लावून बघा, थरथर पूर्ण गेली की मगच ओढा.

नवीन लावायच्या आधी बायोसमध्ये एएचसीआय मोड आणि त्या पोर्टचं हॉटप्लग (चालू मशीनमध्ये डिस्क लावायची सोय) चालू आहे ना बघा. डिस्क एका दमात सरळ आत सरकवा. साटाच्या (डिस्क जोडायची पद्धत) पॉवर कनेक्टरात काही ग्राउंड पिना मुद्दाम लांब असतात, त्या आधी टेकतात, अर्धवट लावून हलवत बसलं की ह्या सोयीचा काय उपयोग?

पॉवर मिळाली की डिस्क स्वतःहून कॉमइनिट पाठवते, म्हणजे "मी आले". त्यावर होस्ट, म्हणजे मशीनची बाजू, कॉमरीसेट पाठवतो, डिस्क परत कॉमइनिट देते, मग दोघांचे कॉमवेक, म्हणजे जागं करायचे सिग्नल, होतात आणि स्पीड ठरतो. गंमत म्हणजे कॉमइनिट आणि कॉमरीसेटचा सिग्नल हुबेहूब सारखाच, सहा छोटे स्पंद आणि मधे ३२० नॅनोसेकंदांची शांतता, फरक फक्त कोण पाठवतं त्याचा.

आता कर्नलचा लॉग उघडा आणि एसस्टेटसचा, म्हणजे लिंकच्या स्थितीचा, आकडा शोधा. १३३ म्हणजे ६ गिगाबिटवर लिंक उभी. १२३ म्हणजे ३ गिगाबिटवर, ६ वाली डिस्क ३ वर आली असेल तर केबल नाहीतर खणातले कॉन्टॅक्ट बघा. शेवटचा आकडा १ असेल तर होस्टला डिस्क जाणवली पण बोलणं जमलं नाही, तिथेही आधी केबलच बदला. "कॉमरीसेट फेल्ड" दिसलं तरी लगेच उपटू नका, कर्नल १०, १०, ३५ आणि ५ सेकंदांची मुदत देत चार वेळा प्रयत्न करतो, मिनिटभर थांबा. तरी नाही तर सिसएफएसमधल्या त्या होस्टच्या स्कॅन फाइलीत मधे स्पेस सोडून तीन डॅश लिहा, पुन्हा शोध सुरू होतो. लिंक पॉवर मॅनेजमेंट मॅक्स परफॉर्मन्सवर ठेवा, पॉवर वाचवायच्या मोडमध्ये डिस्क लावल्या-काढल्याचं होस्टला कळतच नाही असं होतं.

आणि शेवटचा आकडा ० आला, डिस्क फिरतही नाही, तर माझी केस. माझी डिस्क एक्स्टर्नल डब्यातून काढलेली होती. २०१६ च्या साटा ३.३ पासून पॉवरच्या तिसऱ्या पिनेला ३.३ व्होल्ट मिळाले तर काही डिस्क बंद राहतात, डेटा सेंटरवाल्यांना दुरून रीसेट मारता यावा म्हणून, आणि आपले जुने पॉवर सप्लाय तिथे कायम ३.३ व्होल्ट देतात. दुकानातल्या मशीनवरही तेच झालं असणार. डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजत तिसऱ्या पिनेवर कॅप्टॉन टेपची (वीज न जाऊ देणारी) बारीक पट्टी चिकटवली, डिस्क परत सरकवली, आणि मोटरचा तो चढता आवाज ऐकून मामा काउंटरवरून उठून आत आले.