गुलामगिरी संपल्याचं गाणं कसं लिहावं

गुलामगिरीच्या अंतावर गाणं लिहायला बसलं की वहीत आधी काय उतरतं ते ठरलेलं आहे. तुटलेल्या बेड्या, उगवता सूर्य, पिंजऱ्यातून उडालेला पक्षी. तिन्ही खोडून टाका. हे शब्द पंधरा ऑगस्टलाही चालतात, शाळेच्या स्नेहसंमेलनातही चालतात. जे कुठंही चालतं त्यात त्या माणसांचं काहीच नसतं, आणि आपल्याला गाणं त्या माणसांचं लिहायचं आहे.

मी यवतमाळकडची. आमच्या बायकांच्या गाणाऱ्या गटासाठी गाणी लिहिते. ह्यूस्टनला राहणारी माझी भाची म्हणाली, "मावशी, इथं जूनमध्ये जूनटीन्थ असतो, गुलामगिरी संपल्याचा सण. आम्हाला मराठीत म्हणता येईल असं एक गाणं दे ना." ते गाणं कसं बांधलं ते इथं सांगते, म्हणजे तुम्हालाही तुमचं बांधता येईल.

सगळ्यात आधी एक दिवस आणि एक गाव धरा. "जगातली गुलामगिरी" हा गाण्याचा विषय होत नाही. जमैकातली गुलामगिरी वेगळ्या तारखेला संपली, ब्राझीलमधली १८८८ साली, आणि प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या तऱ्हेनं संपली. मी धरलं ते टेक्सासमधलं गॅल्व्हेस्टन बंदर, १९ जून १८६५. अध्यक्ष लिंकन यांचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू होता. तरीही टेक्सासमधले सुमारे अडीच लाख गुलाम आणखी अडीच वर्षं राबत राहिले. अमेरिकेत तेव्हा गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिण आणि लिंकन यांची उत्तर यांचं यादवी युद्ध चालू होतं. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, आणि जूनमध्ये उत्तरेचा जनरल गॉर्डन ग्रेंजर फौज घेऊन गॅल्व्हेस्टनला उतरला तेव्हा कुठं 'जनरल ऑर्डर नंबर ३' निघाली आणि सगळे गुलाम मुक्त झाल्याचं टेक्सासला सांगितलं गेलं.

ही हकिगत बहुतेकदा "बिचाऱ्यांना बातमीच कळली नव्हती" अशी सांगतात. तसं लिहू नका. गुलामांच्या वस्तीत कुजबुज होती, मालकांना तर पक्कं ठाऊक होतं. कमी होती ती हुकूम अमलात आणणाऱ्या फौजेची. हे लक्षात आलं आणि माझं ध्रुपद तिथंच सापडलं:

कागद होता, कागद होता,
अडीच वर्षं कागद होता.
(झील) कुणी मानला? कुणी मानला?

मात्रा मोजा. "कागद होता" आठ, "अडीच वर्षं" आठ, "कुणी मानला" आठ. केरवा या आठ मात्रांच्या तालात सरळ बसतं. गाण्यात आकडे सहसा टिकत नाहीत, अडीच लाख म्हटलं तरी ऐकणाऱ्याच्या कानावरून जातं. पण "अडीच" घरातला शब्द आहे, आणि सगळा अन्याय त्या अडीचमध्येच आहे, म्हणून तो ठेवला.

झील मुद्दाम ठेवली. त्या लोकांच्या गाण्याची रीतच अशी होती की एकानं ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची. आपल्या पोवाड्यात शाहिरामागं झीलकरी असतात, त्यामुळं मराठी गळ्याला हे शिकवावं लागत नाही. फक्त "जी जी रं जी" इथं नको. ते आलं की ऐकणारा लगेच रायगडावर पोचतो. वाद्याचंही तसंच. ढोलकी घेऊ नका. साउथ कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी उठाव केला होता, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्यानं त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. ढोलावरून एकमेकांना निरोप जातात ही मालकांची धास्ती. मग ताल कुठं गेला? हातात आणि पायात. म्हणून या गाण्याला टाळी आणि जमिनीवर टाच, एवढंच द्या. बायकांना फेर धरून म्हणता आलं तर फारच छान.

आता अंतरे. इथं आपल्या भागातल्या माणसाला एक मोठी सोय आहे: कापूस. गुलामांच्या शेताचं चित्र म्हणजे पांढरंशुभ्र फुटलेलं बोंड, असं सगळे लिहितात. पण आपला दिवस १९ जून आहे. गॅल्व्हेस्टनच्या आसपास तेव्हा कपाशी पात्या-फुलांवर असते, वेचणीला अजून अवकाश असतो. त्या दिवसांत काम असतं ते तणाचं. आपल्याकडं बाई खाली बसून खुरप्यानं निंदते, तिथं उभ्यानं वाकून, लांब दांड्याच्या अवजारानं, अख्खी तास, म्हणजे पिकाची ओळ, पार करायची. कंबर दोन्हीकडं सारखीच मोडते. म्हणून माझ्या अंतऱ्यात बोंड नाही:

जून तापला, पात्या धरल्या,
गवतामधुनी तास काढला;
ज्याच्या हाती होता चाबुक
कागद त्याच्या खिशात दडला.

"धरल्या", "काढला", "दडला" ही सगळी रोजच्या बोलण्यातली क्रियापदं आहेत. अशा गाण्याला विशेषणं फार सोसत नाहीत. "क्रूर चाबुक" म्हटल्यानं चाबूक जास्त लागत नाही. १८६७ साली छापलेल्या त्या लोकांच्या गाण्यांच्या पहिल्या संग्रहात एक गाणं आहे, त्यात मुक्ती म्हणजे काय ते फक्त वस्तू मोजून सांगितलंय: मक्याचा शिधा आता नाही, मिठाचं माप नाही, चाबकाचे फटके नाहीत, मालकिणीची हाक नाही. मी त्या ओळी उचलल्या नाहीत, तुम्हीही उचलू नका, त्या त्यांच्याच राहू द्या. पण पद्धत शिका. काय संपलं, ते माप घेऊन सांगायचं.

यानंतरचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक गाणी त्याच्या आधीच जल्लोष करून थांबतात. जनरल ऑर्डर नंबर ३ पूर्ण वाचा, लहानशीच आहे. पहिल्या वाक्यात सगळे गुलाम मुक्त आहेत असं म्हटलंय. दुसऱ्यात मालक आणि गुलाम यांचे हक्क बरोबरीचे आहेत आणि यापुढचं नातं मालक-मजुराचं आहे असं आहे. आणि लगेच पुढं त्याच लोकांना सल्ला दिलाय की आहात तिथंच शांतपणे राहा, मजुरीवर काम करा, लष्करी ठाण्यांवर जमू दिलं जाणार नाही, आणि बसून खायला तर मिळणारच नाही. ज्यांनी जन्मभर फुकट काम केलं त्यांना आळसाबद्दल ताकीद! हे वाचून मला संताप आला. संतापाच्या भरात अंतरा लिहिता येत नाही, पण त्यासाठी लागणारा शब्द मात्र त्या हुकमातच सापडतो. माझी ओळ अशी झाली:

गोदीवरती सैन्य उतरलं,
वाचुन झाला हुकूम तिसरा:
"सुटला सारे, इथंच राहा,
अन् छावणिची वाटच विसरा."

"छावणिची"मधली णि ऱ्हस्व घेतली, "वाचुन"मधला चु तसाच. गाण्यात एवढी सूट चालते. मात्र हकिगतीत सूट घेऊ नका. ग्रेंजरनं हुकूम एका हवेलीच्या बाल्कनीतून वाचला असं सांगतात, चित्र म्हणून छानही आहे, पण त्याला त्या काळचा पुरावा नाही. म्हणून गाण्यात बाल्कनी नाही. आणि लिंकन यांना देव करून गाण्यात बसवू नका. उत्तरेच्या फौजेत सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले, त्यातले कितीतरी स्वतःच गुलामीतून पळून आलेले होते. मुक्ती कुणी वरून टाकलेली भीक नव्हती, हे ओळीओळीतून कळलं पाहिजे.

तिसऱ्या अंतऱ्याला चाल बदला. मुक्त झाल्याबरोबर माणसं काय करू लागली? आपली माणसं शोधू लागली. विकलेली आई, विकलेला नवरा, वेगळ्या गावी नेलेली लेकरं. वर्तमानपत्रांत जाहिराती येऊ लागल्या आणि पुढं कित्येक दशकं येत राहिल्या. फिलाडेल्फियाचा 'ख्रिश्चन रेकॉर्डर' हा कृष्णवर्णीयांच्या चर्चचा पेपर अशा जाहिराती छापायचा. त्या जाहिरातींत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आईची ओळख पटावी म्हणून तिच्या जुन्या मालकाचं नाव द्यावं लागे. ज्यानं विकलं त्याचंच नाव, आई सापडावी म्हणून, स्वतःच्या पैशानं छापून आणायचं. यावर चारच ओळी लिहिता येतात, आणि त्या ओवीच्या घाटाच्या, ताल सोडून, एकटीनं म्हणायच्या:

विकली गं माय माझी,
नऊ वर्सांची मी होते;
जुन्या मालकाचं नाव
पेपरात आज देते.

आठ-आठ अक्षरं. इथं टाळी थांबवा, झील थांबवा. "अश्रू", "विरह", "काळीज" यांतलं काहीही घालू नका. माय, वय, मालकाचं नाव, पेपर. या चार गोष्टी पुरतात. आमच्या गटात ही ओवी कोण म्हणणार यावर बरीच चर्चा झाली. मी गोड गळ्याऐवजी सपाट गळा निवडला. बातमी सांगितल्यासारखी म्हणायला हवी.

त्यानंतर लगेच टाळी परत आणा, कारण त्या लोकांनी सणही केला. पुढच्याच वर्षापासून टेक्सासमध्ये १९ जून साजरा होऊ लागला. सार्वजनिक जागांवर त्यांना जमू देत नसत, म्हणून ह्यूस्टनमधल्या मुक्त झालेल्यांनी रेव्हरंड जॅक येट्स यांच्यासारख्यांच्या पुढाकारानं वर्गणी काढली आणि १८७२ मध्ये सणासाठी स्वतःची दहा एकर जमीन विकत घेतली. तिथं आजही इमॅन्सिपेशन पार्क आहे. भाची तिथूनच फोटो पाठवते. वर्गणी म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही:

वर्गणीतनं घेतलि जागा
दहा एकरी सण भरवाया;
लाल सरबतं, लाल कलिंगड,
पोरं आली गाणं गाया.

लाल रंग माझ्या मनचा नाही. जूनटीन्थला खाण्यापिण्यात लाल रंग असतोच: लाल पेयं, कलिंगड. सणाचं गाणं लिहिताना त्या सणात काय खातात ते आधी विचारून घ्यावं.

गाणं इथं संपवायचं का? चाल म्हणते संपव. पण डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी बंद करणारी तेरावी घटनादुरुस्ती मंजूर झाली तिच्यात एक फट होती: गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची मजुरी चालेल. तिचा फायदा घेऊन दक्षिणेत कैदी भाड्यानं देण्याचा धंदा चालला. २०१८ साली ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमध्ये शाळेच्या बांधकामासाठी खोदताना अशा ९५ कैद्यांचे सांगाडे सापडले. मी यावर अंतरा लिहिला नाही, गाणं जड होऊन बसलं असतं. त्याऐवजी सणाच्या अंतऱ्यानंतर ध्रुपद पुन्हा घेतलं, तेच शब्द, तीच झील. "कुणी मानला?" हा प्रश्न सणानंतर विचारला की तो १८६३ च्या कागदापुरता राहत नाही.

आपल्याकडचे दुवे गाण्यात आणायचे का, हे सगळे विचारतात. दुवे खरे आहेत. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. आणि अमेरिकेत युद्ध पेटून तिथला कापूस अडला तेव्हा इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरण्यांसाठी वऱ्हाड-खानदेशातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा तो सगळा बाजार कोसळला. हे जाणून घ्या, गटातल्या बायकांना सांगा, तालमीत त्यावर बोला. गाण्यात मात्र घालू नका. घातलं की गॅल्व्हेस्टनची माणसं मागं सरकतात आणि आपण पुढं येतो. वऱ्हाडच्या कापसावर लिहायचं तर दुसरं गाणं लिहा, ते लिहिण्यासारखं आहेच.

आणखी एक पथ्य. त्यांच्या बोलीची नक्कल म्हणून मुद्दाम अशुद्ध मराठी लिहू नका. आपली वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी सहज येत असेल तर येऊ द्या, ती आपल्या गळ्याची आहे. पण "अडाणी गुलाम असंच बोलत असेल" असं मनात धरून मोडकं मराठी त्याच्या तोंडी घालणं हा त्याचा अपमान आहे.

लिहून झालं की मोठ्यानं म्हणून बघा. मग चालत चालत म्हणा. जिथं श्वास तुटतो तिथं एखादा शब्द जास्त झालाय. मग हा इतिहास ठाऊक नसलेल्या कुणाला तरी ऐकवा. "कागद कसला गं?" असं त्यानं विचारलं तर ध्रुपद बरोबर आहे, त्यात समजावणी भरू नका. गाण्याआधी दोन वाक्यांत तारीख आणि गाव सांगा, तेवढं पुरे.

ही चाल आणि हे ध्रुपद तुम्हाला घ्यायचं तर घ्या, अंतरे तुमचे लिहा. लिहिण्यासारखं पुष्कळ राहिलंय. गुलामांच्या लग्नांना कायदा मानत नव्हता, म्हणून नातवंडं झालेल्या जोडप्यांनीही मुक्तीनंतर रीतसर लग्नं लावली. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं गुन्हा होता, आणि मुक्तीनंतर म्हातारी माणसं मुलांशेजारी बसून अक्षरं गिरवू लागली. कितीजणांनी मालकाचं आडनाव टाकून स्वतःचं निवडलं. यातलं एक घ्या, तारीख तपासा, आठ मात्रांची पहिली ओळ बांधा, आणि जूनच्या आधी तालमीला महिना तरी राहील असं बघा.