सोलापूरच्या लहान उद्योगांनी आपला डेटा कसा जपावा

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतील टॉवेल किंवा चादरीच्या कारखान्याच्या कार्यालयात संगणक बहुधा दोन-तीनच असतात, परंतु त्यांत काय काय साठले आहे याची यादी मालकांना विचारली तर ती ‘टॅली’ या एका शब्दावर थांबते. प्रत्यक्षात हिशेबाबरोबरच सूत खरेदीची बिले, ई-वे बिले, कामगारांचे हजेरीपत्रक, निर्यातीची कागदपत्रे, ग्राहकांशी झालेला ईमेल व्यवहार आणि जकार्डच्या डिझाइनच्या फाइल्सही तेथेच असतात. हिशेब कागदी बिलांवरून पुन्हा लिहिता येतो, मात्र वीस वर्षांत जमवलेली डिझाइन्स तशी परत येत नाहीत. म्हणून पहिले काम कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्याचे नसून, एका वहीत ही यादी लिहून काढण्याचे आहे. प्रत्येक नोंदीपुढे दोन प्रश्नांची उत्तरे लिहावीत: यातील किती तासांचे काम गेले तर आपण ते पुन्हा करू शकतो, आणि हे किती वेळ बंद राहिले तर धंदा अडेल? रोज पन्नास बिले करणाऱ्या सुताच्या व्यापाऱ्याला दिवसातून दोनदा बॅकअप लागेल, तर महिन्यातून दोन नवी डिझाइन्स करणाऱ्याला त्या फाइल्सची आठवड्यातून एकदा प्रत घेणे पुरेल.

बॅकअपचा 3-2-1 हा नियम अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झाला. मूळ धरून तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी असावी, असे तो सांगतो. आजच्या काळात यात आणखी एक अट घालणे मला अत्यावश्यक वाटते: किमान एक प्रत कोणत्याही संगणकाला किंवा नेटवर्कला जोडलेली नसावी.

ही अट का, हे समजण्यासाठी जून 2017 मधील नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याकडे पाहावे. आपले टॉवेलचे कंटेनर ज्या न्हावा शेवा बंदरातून परदेशी जातात, तेथील मर्स्क या जहाज वाहतूक समूहाच्या टर्मिनलचे कामकाजही त्या हल्ल्यात कोलमडले होते. मर्स्कच्या जगभरातील नेटवर्कचा नकाशा सांभाळणारे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत असत, त्यामुळे एक बिघडला तर दुसरा आहे असा भरवसा होता. मात्र ते सर्व एकमेकांना जोडलेले असल्याने जवळजवळ एकाच वेळी नष्ट झाले. वाचला तो घानामधील एकच, कारण हल्ल्याच्या वेळी तेथे वीज गेलेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका प्रतीच्या आधारे कंपनी पुन्हा उभी राहिली, तरीही सुमारे 4,000 सर्व्हर आणि 45,000 संगणक नव्याने बसवावे लागले. आपल्याकडे हार्ड डिस्क संगणकाला कायमची जोडून ठेवण्याची आणि ‘रोज आपोआप बॅकअप होतो’ असे समाधान मानण्याची पद्धत आहे. रॅन्समवेअर, म्हणजे फाइल्सना कुलूप लावून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर, संगणकात शिरले की त्या डिस्कवरील फाइल्सनाही तेच कुलूप लागते. रेड पद्धतीच्या, म्हणजे एकीवरचे सर्व त्याच क्षणी दुसरीवरही लिहिणाऱ्या, दोन डिस्कनाही हेच लागू पडते. एक डिस्क यांत्रिक कारणाने बंद पडली तर रेड काम चालू ठेवते, पण चुकून पुसलेली फाइल ती दोन्ही ठिकाणी तितक्याच तत्परतेने पुसते.

लहान कार्यालयासाठी माझी शिफारस अशी आहे. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात आणि एकीवर लाल, दुसरीवर निळी पट्टी लावावी. या आठवड्यात लाल डिस्कवर रोज संध्याकाळी बॅकअप घ्यावा आणि तो पूर्ण झाला की ती सुरक्षितपणे काढून कपाटात ठेवावी. निळी त्या काळात मालकाच्या घरी, म्हणजे जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडला, असावी. सोमवारी अदलाबदल करावी. दोन्ही डिस्क एकाच वेळी कारखान्यात राहू नयेत. 18 मे 2025 रोजी याच औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचे प्राण गेले. त्या हानीपुढे कागदपत्रांची गोष्ट अगदी क्षुल्लक आहे. पण कापूस, सूत आणि तयार माल यांच्या शेजारी ठेवलेली प्रत आगीत वाचणार नाही, हे आपल्या गावाला वेगळे सांगण्याची गरज नाही. डिस्क ने-आण करताना चोरीला जाऊ शकते, म्हणून तिच्यावरील डेटा पासवर्डने कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करावा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर ही सोय आहे. त्याची रिकव्हरी की, म्हणजे पासवर्ड विसरल्यास डिस्क उघडणारा लांब क्रमांक, कागदावर छापून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी, कारण ती हरवली तर आपल्यालाच आपला डेटा उघडता येणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत डिस्क उन्हात उभ्या गाडीत विसरू नये, आणि मागाजवळील तंतूंच्या धुळीत संगणक ठेवू नये. बॅकअप सुरू असताना वीज गेल्यास प्रत अर्धवट राहते, त्यामुळे यूपीएस हवाच.

आणखी एक प्रत क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरील साठवणुकीत, ठेवावी. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे: गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हचे फोल्डर संगणकाशी जुळवून ठेवणे म्हणजे सिंक, बॅकअप नव्हे. संगणकावर फाइल पुसली की ती तेथूनही निघते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती 30 दिवस मिळते, त्यानंतर नाही. चूक दोन महिन्यांनी लक्षात आली तर काय करणार? म्हणून जुन्या आवृत्त्या ठरावीक काळ राखणारी आणि त्या काळात कोणालाही पुसू न देणारी बॅकअप सेवा निवडावी, आणि तिच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. इंटरनेटच्या वेगाचा हिशेबही आधीच करावा. 20 एमबीपीएसच्या अपलोडने 50 जीबी चढवायला साडेपाच तासांहून अधिक लागतात, तर 100 एमबीपीएसच्या जोडणीवरून 1 टीबी परत उतरवायला बावीस तासांच्या वर. म्हणजे पहिले अपलोड रात्री करावे, आणि सर्व काही क्लाउडवरूनच आणू या भरवशावर राहू नये.

किती जुन्या प्रती ठेवायच्या? शेवटचे सात दिवस, चार आठवडे आणि बारा महिनाअखेरी ही मांडणी पुरेशी ठरते, कारण घातक सॉफ्टवेअर कधीकधी काही आठवडे निष्क्रिय बसून मग काम सुरू करते. 31 मार्चची प्रत मात्र वेगळी जपावी. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून 72 महिने राखाव्या लागतात. उद्योग कंपनी म्हणून नोंदलेला असेल, तर इलेक्ट्रॉनिक हिशेबपुस्तकांचा बॅकअप रोज भारतातील सर्व्हरवर घेणे नियमाने बंधनकारक आहे.

आता सर्वांत दुर्लक्षित काम: प्रत उघडून पाहणे. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, आणि बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नसल्याचे तेव्हा उघड झाले. नशिबाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. ही अवस्था तज्ज्ञांची असेल, तर आपण महिन्यातून एक तास चाचणीसाठी काढणे हे काही फार नाही. टॅलीचा बॅकअप टॅलीच्याच डेटा मेनूतून घ्यावा, आणि त्या वेळी इतरांनी कंपनी बंद करावी. चाचणी करताना रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत आणणे, नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करावे. चालू फोल्डर निवडले तर जुनी प्रत आजच्या कामावर चढून बसते आणि चाचणीच नुकसान करते. मग काल रात्रीचे शेवटचे बिल, एका जुन्या ग्राहकाचे खाते आणि रोकड शिल्लक हे तीन आकडे चालू हिशेबाशी ताडून पाहावेत. डिझाइनच्या दोन-तीन फाइल्सही प्रत्यक्ष उघडाव्यात. किती वेळ लागला ते तारखेसह वहीत लिहावे.

उरलेली खबरदारी थोडक्यात सांगतो. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट) 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा असे संगणक बदलावेत किंवा अद्ययावत करावेत. रोजच्या कामासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचे खाते वापरू नये.

इतके करूनही पडद्यावर खंडणीचा संदेश दिसलाच, तर प्रथम नेटवर्कची केबल काढावी आणि वायफाय बंद करावे. घाबरून बॅकअपची डिस्क जोडून पाहण्याचा मोह होतो, तो कटाक्षाने टाळावा. पडद्याचे छायाचित्र घ्यावे आणि तज्ज्ञाने पाहिल्याशिवाय काहीही फॉरमॅट करू नये. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. डेटा परत आणायचा तो स्वच्छ केलेल्या किंवा नव्या संगणकावरच.

ही सर्व कृती बहुतेक कार्यालयांत एकाच माणसाला ठाऊक असते, आणि तो हिशेबनीस जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या दिवसांत रजेवर गेला की बॅकअपही रजेवर जातो. म्हणून प्रत्येक पायरी त्याच वहीत साध्या भाषेत लिहून ठेवावी आणि पुढच्या महिन्याची रिस्टोअरची चाचणी कार्यालयातील दुसऱ्या कोणाला तरी केवळ ती वही वाचून करायला सांगावी. जेथे त्याचे काम अडेल, तेथे वहीतील मजकूर दुरुस्त करावा.