बर्फाची आगोट: हॅनकॉकमधला पहिला हिवाळा काढताना

माझं माहेर चिपळूणचं. मे महिना सरत आला की घरात आगोटीची कामं निघायची. कौलं परतायची, लाकूडफाटा पडवीत रचायचा, मीठ-मिरची भरून ठेवायची, परसातला व्हाळ मोकळा करायचा. गेली ११ वर्षं मी अमेरिकेत मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, कीविनॉ द्वीपकल्पावरच्या हॅनकॉक गावात राहते आहे, आणि इथे ऑक्टोबर उजाडला की माझी तीच लगबग सुरू होते. पावसाचं पाणी मात्र आपल्या पायांनी निघून जातं. बर्फ पडतो तिथेच बसून राहतो. तो कोणीतरी उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. हे काम कुठवर नगरपालिकेचं आणि कुठून पुढे आपलं, हे ज्याला वेळेत कळतं त्याचा हिवाळा निभतो.

कालव्यापलीकडे होटनला मिशिगन टेक विद्यापीठ आहे. दर ऑगस्टमध्ये तिथे मराठी मुलं येतात, काही जोडपी नोकरीसाठी येतात, भाड्याने घर घेतात. पहिला मोठा बर्फ पडला की त्यांचे फोन सुरू होतात. त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहिते आहे.

आधी किती बर्फ पडतो ते मनाशी पक्कं करा. आमच्या भागात सरासरी हिवाळ्यात २०० इंचांहून जास्त पडतो, म्हणजे ५ मीटरच्या वर. १९७८-७९च्या हिवाळ्यात ३९०.४ इंच पडला होता. मोहॉक गावाच्या पुढे महामार्गालगत तो आकडा दाखवणारा उंच फलक उभा आहे, एकदा जाऊन त्याच्या पायथ्याशी उभे राहा. वायव्येकडून येणारी कोरडी, गार हवा लेक सुपीरियर या अफाट सरोवराच्या त्यामानाने उबदार पाण्यावरून येताना वाफ उचलते आणि आमच्या डोंगरावर चढताना बर्फ टाकते. त्यामुळे इथे एखादं वादळ येऊन सगळं संपलं असं होत नाही. दिवसामागून दिवस थोडाथोडा पडत राहतो. म्हणून रोज थोडं काढायची सवय लावा. शनिवार-रविवारवर ढकललेला बर्फ तोवर दबून दगड होतो.

रस्ता कोणाचा, ते आधी विचारा

गावाच्या हद्दीतले रस्ते शहराचं सार्वजनिक बांधकाम खातं साफ करतं. हद्दीबाहेर, टाउनशिपमध्ये (आपल्या ग्रामपंचायतीसारखा भाग) घर असेल तर रस्ता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रोड कमिशनकडे असतो. टाउनशिपच्या कचेरीत फोन करून काही हाती लागत नाही. यूएस ४१ किंवा एम २६सारखे महामार्ग राज्याचे, पण मिशिगनमध्ये अनेक ठिकाणी राज्य त्यांची देखभाल करार करून काउंटीकडेच सोपवतं. खासगी गल्ली असेल तर ती घरमालकांनी आपसांत वर्गणी काढून साफ करून घ्यायची. घर भाड्याने घेताना हे विचारा, आणि ड्राइव्हवे (रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची वाट) व दारापुढचा फुटपाथ कोणी साफ करायचा हेही करारात लिहून घ्या.

प्लाउ, म्हणजे पुढे पातं लावलेली बर्फ ढकलणारी गाडी, कधी येईल याला क्रम आहे. आधी महामार्ग, मग रुग्णालय आणि शाळांकडचे रस्ते, मोठे चढ, मग गल्ल्या, आणि सगळ्यात शेवटी बंद टोकाच्या गल्ल्या. हॅनकॉक पूर्ण उतारावर वसलेलं गाव आहे, लोकसंख्या साडेचार हजारांच्या आसपास. यंत्रं आणि चालक मोजके. बर्फ पडतच असेल तर मुख्य रस्त्यावर तीच गाडी पुन्हा पुन्हा फिरवावी लागते आणि गल्ली मागे राहते. पहाटे चार वाजता खिडकीबाहेर तो पिवळा दिवा फिरताना दिसला की मला मनापासून कृतज्ञता वाटते. त्या माणसाने आपली झोप सोडलेली असते.

हिवाळ्यात रात्री रस्त्यावर गाडी उभी करायला बंदी असते. तारखा आणि वेळा सिटी हॉलमधून लिहून आणा आणि फ्रिजवर लावा. आकाश निरभ्र असलं तरी नियम लागू असतो. एक गाडी उभी राहिली तर प्लाउला वळसा घ्यावा लागतो आणि तिच्यामागचा बर्फ गोठून पुढच्या महिनाभर रस्ता अरुंद राहतो. पाहुणे येणार असतील तर त्यांच्या गाडीची सोय आधी करा.

ऑक्टोबरमधली कामं

जमीन गोठायच्या आत ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना, फुलझाडांच्या वाफ्यांशी, पायरीच्या कोपऱ्यांवर चमकत्या पट्टीच्या काठ्या रोवा. निदान चार फूट उंच हव्यात. डिसेंबरात जमिनीत खिळासुद्धा जात नाही. बागेची नळी आत घ्या, बाहेरच्या नळाचं पाणी आतून बंद करा. फावडं घराच्या आत, दाराशी ठेवा. गराजमध्ये ठेवलंत तर गराजपर्यंत जायला फावडं लागेल.

फावड्याइतकंच महत्त्वाचं इथलं हत्यार म्हणजे स्कूप. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं भलंमोठं सूप डोळ्यांपुढे आणा, त्याला यू आकाराचा दांडा. त्याने बर्फ उचलायचा नसतो, सरकवत न्यायचा असतो. ढिगाऱ्याला सुरुवातीपासून एका बाजूने उतार ठेवा, म्हणजे स्कूप चढवत वर नेता येतो. सरळ भिंतीसारखा ढीग रचलात तर जानेवारीत प्रत्येक खेप खांद्याच्या वर फेकावी लागेल. गार हवेत अंगमेहनत हृदयावर फार ताण आणते. बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका येऊन माणसं दरवर्षी जातात. भारतातून आई-वडील आले असतील तर "मी करतो रे" म्हणाले तरी त्यांच्या हाती फावडं देऊ नका. आणि तुमच्या छातीत भरून आलं, हात जड वाटला, तर तिथेच सोडा आणि ९११ हा आणीबाणीचा नंबर लावा.

खासगी माणूस लावणार असाल तर तोंडी बोलीवर जाऊ नका. दुसऱ्या हिवाळ्यात मी एकाला पूर्ण मोसमाचे पैसे आगाऊ दिले. जानेवारीच्या मध्यानंतर तो फिरकला नाही, फोनही उचलेना. तेव्हापासून कागदावर लिहून घेते: किती इंच पडला की यायचं, सकाळी किती वाजायच्या आत, बर्फ कुठल्या बाजूला टाकायचा आणि पैसे खेपेचे की मोसमाचे.

प्लाउने सोडलेला बांध

याबद्दलच सगळ्यात जास्त तक्रारी ऐकते. तासभर राबून ड्राइव्हवे स्वच्छ करावा, आत येऊन चहा ठेवावा, तेवढ्यात प्लाउ जातो आणि तोंडाशी गुडघाभर बांध घालून ठेवतो. तो भुसभुशीत नसतो. रस्त्यावर चाकांखाली दबलेला, रेती आणि मीठ मिसळलेला, ओल्या वाळूसारखा जड माल असतो. दोन तासांत फोडला नाही तर पहार लागते.

चालक मुद्दाम टाकत नाही. प्लाउचं पातं उजवीकडे कललेलं असतं, त्याच्यापुढे बर्फ लोळत चाललेला असतो. कडेच्या भिंतीत जिथे मोकळी जागा मिळेल तिथे तो आपोआप पडतो, आणि ती मोकळी जागा नेमकी तुम्ही साफ केलेलं तोंड असते. दर घरापाशी पातं उचलत बसला तर गाव साफ व्हायला दिवस मावळेल.

याचा उपाय मला शेजारच्या फिनिश वंशाच्या आजोबांनी शिकवला. ड्राइव्हवेत रस्त्याकडे तोंड करून उभे राहा. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, म्हणजे तुमच्या कडेचा प्लाउ तुमच्या डाव्या हाताकडून येणार. त्या डाव्या हाताला, ड्राइव्हवे सुरू व्हायच्या आधी, रस्त्याच्या कडेने १०-१२ फूट लांब आणि ४-५ फूट रुंद खिसा उकरून ठेवा. प्लाउपुढचा बर्फ त्या खिशात रिकामा होतो आणि तुमच्या तोंडाशी येईतो थोडाच उरतो. तुम्ही काढलेला बर्फ मात्र उजव्या हाताला रचा. डावीकडे रचलात तर तोच परत तुमच्या दारात येईल. आजोबांनी हे मला काठीने बर्फात रेघा ओढून दाखवलं होतं, प्लाउ म्हणून हातमोजा सरकवत. पहिला खिसा खणला त्या दिवशी प्लाउ गेल्यावर मी बाहेर आले, तर तोंडाशी घोट्याएवढाही बांध नव्हता.

बर्फ रस्त्यापलीकडे ढकलू नका, रस्त्यावर तर मुळीच नको. मिशिगनच्या वाहन कायद्याने त्याला बंदी आहे. मागे राहिलेल्या लादीवरून रात्री कोणाची गाडी घसरू शकते.

घराच्या भिंतीकडे बघा

आमचं घर गरम ठेवणारी भट्टी तळघरात आहे. तिचा धूर चिमणीतून जात नाही, बाजूच्या भिंतीतून निघणाऱ्या दोन पांढऱ्या नळ्यांमधून जातो. एक हवा घेते, दुसरी सोडते. पहिल्याच जानेवारीत मध्यरात्री मला जाग आली ती नाकाचा शेंडा गार पडल्यामुळे. भट्टी बंद. बटणं दाबली, वीज बघितली, सगळं ठीक. शेवटी टॉर्च घेऊन बाहेर गेले. वाऱ्याने भिंतीशी एवढा बर्फ आणून लावला होता की नळ्या कुठे आहेत तेच दिसेना. हाताने उकरत गेले, बोटं बधिर झाली, तेव्हा पांढरं तोंड सापडलं. हवा कोंडल्यामुळे भट्टीने स्वतःला बंद करून घेतलं होतं. आपोआप बंद न होणारं जुनं यंत्र असतं तर कार्बन मोनॉक्साइड घरात पसरला असता, आणि त्या वायूला वास नसतो. नळ्यांशेजारी आता लाल काठी रोवलेली आहे. मोठ्या बर्फानंतर मी आधी तिथे जाते, ड्राइव्हवे नंतर. वायूचा इशारा देणारं यंत्र झोपायच्या खोलीजवळ लावा. बर्फात रुतलेली गाडी सुरू करण्याआधी मागचा धुराचा पाइप मोकळा करा.

छपराच्या कडेचा बर्फ लांब दांड्याच्या रेकने जमिनीवरून ओढा. घरातल्या उबेने वरचा बर्फ वितळतो, पाणी वळचणीशी येऊन गोठतं, बांध होतो आणि मागचं पाणी छपराखाली शिरतं. कडेचा ३-४ फुटांचा पट्टा मोकळा राहिला तरी बरंच निभतं. पागोळ्या इथे गोठून भाल्यासारख्या लोंबतात. मुलांना वळचणीखाली उभं राहू देऊ नका.

घरापुढे अग्निशमनाचा नळखांब असेल तर त्याच्याभोवती सगळीकडून ३ फूट आणि रस्त्यापर्यंत वाट मोकळी ठेवा. टपालपेटीपुढचाही बर्फ काढा, नाहीतर टपाल राहून जातं. रस्त्याकडेच्या ढिगात मुलांना बोगदा खणू देऊ नका, कधीच नाही. प्लाउच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही. प्लाउच्या मागे गाडी चालवत असाल तर बरंच अंतर ठेवा. उजवीकडून तर पुढे जाऊच नका, त्या बाजूला पंखासारखं दुसरं पातं असतं आणि उडणाऱ्या बर्फात ते दिसत नाही.

मिठाबद्दल एवढंच: रस्ता उणे ९ अंश सेल्सियसच्या खाली गेला की बर्फ वितळवायला टाकतात ते साधं मीठ जवळजवळ काम करत नाही. तेव्हा पायरीवर रेती टाका. ती बर्फ वितळवत नाही, पण पाय धरते. मीठ चमचाभर टाकायच्या जागी डबाभर ओतलं तर सिमेंट फुटतं आणि कुत्र्यांचे पंजे सोलवटतात.

तक्रार करायची असेल तर

बर्फ थांबेपर्यंत वाट बघा. मग फोन करा आणि घर क्रमांक, जवळचा आडवा रस्ता, काय झालं आणि कधी, एवढं सांगा. माणूस आजारी असेल आणि रस्ता बंद असेल तर खात्याला फोन करत बसू नका. ९११वर सांगा, रस्ता बंद आहे हेही सांगा. दरवर्षी तीच अडचण येत असेल तर नगर परिषदेच्या बैठकीला जा. बैठक खुली असते, नागरिकांना बोलायला वेळ राखलेला असतो. आमच्या गल्लीच्या वळणावरचा ढीग इतका वाढायचा की शाळेची बस दिसायची नाही. मी मुलांच्या उंचीवरून काढलेला एक फोटो घेऊन गेले, तीन मिनिटं बोलले. पुढच्या हिवाळ्यात त्या कोपऱ्यावरचा बर्फ ट्रकमध्ये भरून नेऊ लागले.

जानेवारीच्या उत्तरार्धात हॅनकॉकमध्ये हेइकिनपाइवा हा फिनिश उत्सव असतो, हिवाळा निम्मा सरल्याचा. जुने फिनिश शेतकरी त्या सुमारास गवताची गंजी बघायचे, निम्मी उरली पाहिजे. मी त्या दिवशी ढीग टाकायची जागा बघते. निम्मी उरली नसेल तर ढीग मागे सारून घेते, शेजारच्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावून. एप्रिलमध्ये काठ्या उपटताना प्लाउने हिरवळ किंवा कठडा खरवडलेला दिसला तर फोटो काढून लगेच शहराच्या कचेरीत कळवा. गवत वाढल्यावर खूण दिसत नाही.