पहिलं प्लगिन किंवा थीम डिरेक्टरीत टाकायच्या आधी काय काय तयार ठेवाल

वर्डप्रेस ह्या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरसाठी एखादं प्लगिन (साइटला जास्तीची सोय देणारा कोड) किंवा थीम (साइटचं रूप) बनवून सुट्टीत वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या डिरेक्टरीत टाकतो असं कॉलेजातली पोरं दर दिवाळीला म्हणतात, आणि अडकतात ती कोडमध्ये कमी, बाकीच्या भानगडींत जास्त. म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

लोकल सेटअप, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर चालणारं वर्डप्रेस, आधी उरकून टाका. त्यासाठी डब्ल्यूपी-एन्व्ह हे टूल छान आहे पण त्याला डॉकर हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि जुन्या लॅपटॉपवर डॉकर चालू केलं की बाकी सगळं रांगायला लागतं, तसं असेल तर सरळ झॅम्प किंवा 'लोकल' नावाचं ॲप वापरा, कोणी नावं ठेवत नाही. जे काही डाउनलोड करायचंय ते बुधवारीच उतरवून ठेवा, आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सच्या नावाखाली लाईट कधी जाईल सांगता येत नाही. कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग लॉग दोन्ही चालू करा म्हणजे एरर दिसतील आणि नोंदल्या जातील, आणि क्वेरी मॉनिटर हे चुका शोधायचं प्लगिन टाकून ठेवा.

मग नाव. ह्यावर एक संध्याकाळ घालवली तरी चालेल, कारण मंजुरी मिळाली की प्लगिनचा स्लग, म्हणजे वेब पत्त्यात दिसणारं नाव, बदलता येत नाही, तो कायमचा चिकटला. नावात 'वर्डप्रेस' हा शब्द चालत नाही. दुसऱ्याचा ट्रेडमार्क सुरुवातीला लावला तरी परत पाठवतात, म्हणजे 'वूकॉमर्स अमुकतमुक' नाही, 'अमुकतमुक फॉर वूकॉमर्स' असं लिहा. स्लग ठरला की टेक्स्ट डोमेन (भाषांतरासाठीचं ओळखनाव) पण अगदी तोच, आणि प्रत्येक फंक्शन, क्लास, ऑप्शनच्या नावापुढे आपला प्रीफिक्स, चार अक्षरांपेक्षा छोटा नको. नुसतं 'सेव्ह सेटिंग्ज' नावाचं फंक्शन लिहिलंत तर त्याच साइटवर दुसऱ्या कुणाचंही तेच असणार आणि साइट झोपणार.

लायसन्सचं लोक शेवटपर्यंत टाळतात. वर्डप्रेस 2003 मध्ये बी2 नावाच्या जीपीएल (कोणीही वापरा, बदला, वाटा असं मोकळं लायसन्स) प्रोजेक्टवरून पुढे आलं, त्यामुळे ते स्वतः जीपीएल आहे आणि डिरेक्टरीत जे जाईल ते सगळं जीपीएलशी जुळणारं लागतं, कोड, आयकॉन, फोटो, फॉन्ट सगळं. अनस्प्लॅश आणि पिक्साबेचे फोटो चालत नाहीत, त्यापेक्षा रविवारी सिंहगडावर जाऊन स्वतःच चार फोटो काढा. फॉन्टसाठी मुक्ता, बालू वगैरे बिनधास्त घ्या, फक्त फाइल्स थीमच्या फोल्डरमध्येच ठेवा, बाहेरच्या सर्व्हरवरून ओढू नका.

थीम करत असाल तर नव्याने सुरुवात करणाऱ्याने ब्लॉक थीमच, म्हणजे सगळी साइट ब्लॉक जोडून मांडता येते अशी थीम, करावी असं माझं मत, जानेवारी 2022 च्या 5.9 पासून ती नीट वापरता येते आणि थीम डॉट जेसन ह्या सेटिंग्जच्या फाइलमध्ये रंग, फॉन्ट, रुंदी सगळं एका जागी बसतं. कस्टम पोस्ट टाइप (मजकुराचा स्वतःचा वेगळा प्रकार), शॉर्टकोड (मजकुरात लिहायची छोटी खूण) असलं काही थीममध्ये कोंबू नका, ते प्लगिनचं काम, नाहीतर माणूस थीम बदलतो आणि त्याचा मजकूर गायब.

आता मराठीतून टेस्टिंग, ह्याला खरंच वेळ द्या. थीम टेस्टिंगचा तयार डेटा इम्पोर्ट कराच, पण सोबत मराठी पोस्टही भरा, कारण इंग्रजीत न दिसणारे बग त्यात धडाधड बाहेर पडतात. 'पुण्यातल्या गणेशोत्सवाची तयारी' असं शीर्षक देऊन बघा. पोस्टचा स्लग शीर्षकावरून बनतो, तो 200 कॅरेक्टरला कापला जातो आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, मात्रासुद्धा, एन्कोड होऊन (टक्क्याच्या चिन्हांचा कोड बनून) 9 कॅरेक्टर खातं, म्हणून तो 'गणेशोत्सवाच' इथेच तुटतो, 'ची' पूर्ण होतच नाही. स्लगवरून काही ओळखायचं असं तुमचं लॉजिक असेल तर ते आत्ताच बदला आणि आयडी वापरा. कॅटेगरी मराठी असेल तर पोस्टच्या सीएसएस क्लासमध्ये पण नावाऐवजी आकडा येतो. मजकूर कापताना पीएचपीचं सबस्ट्र फंक्शन वापरलंत तर अक्षराचे बाइट मध्येच कापले जातात आणि ते प्रश्नचिन्हाचे चौकोन येतात, शब्दांवर कापणारं डब्ल्यूपी ट्रिम वर्ड्स हे फंक्शन वापरा. सीएसएसमध्ये लेटर स्पेसिंग दिलं की शिरोरेषा तुकडे तुकडे होते, आणि लाइन हाइट कमी ठेवली की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. हेडिंगला तर हमखास.

सिक्युरिटीत रिव्ह्यूवाले, म्हणजे डिरेक्टरीत घ्यायच्या आधी तुमचा कोड तपासणारे, सगळ्यात जास्त इथे पकडतात: आत येणारं सॅनिटाइझ (साफ करणं), बाहेर जाणारं एस्केप (कोड म्हणून चालणार नाही असं करणं), तेही प्रिंट करायच्या जागीच, फॉर्मला नॉन्स (विनंती खरंच त्याच फॉर्मवरून आली का ते तपासणारी खूण), आणि नॉन्ससोबत करंट यूजर कॅन (ह्या माणसाला ते करायची परवानगी आहे का). नॉन्स म्हणजे परवानगी नाही, हे दोन्ही वेगवेगळं तपासा. डेटाबेसची क्वेरी हाताने जोडू नका, त्यासाठी प्रिपेअर हे फंक्शन आहे. जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी स्वतःची आणू नका, वर्डप्रेसच्या आतच असते. अनइन्स्टॉल झाल्यावर आपला कचरा आपणच काढायचा.

पाठवायच्या आधी प्लगिनला प्लगिन चेक आणि थीमला थीम चेक ही तपासणीची प्लगिनं चालवा, एररची यादी रिकामी होईपर्यंत. थीमचा स्क्रीनशॉट 1200 बाय 900 पिक्सेल, प्लगिनचा बॅनर 772 बाय 250, आयकॉन 256 चा. वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या अकाउंटला टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) आधीच लावून ठेवा, ऑक्टोबर 2024 पासून ते सक्तीचं आहे. प्लगिनच्या रिव्ह्यूची मेल आली की त्याच मेलला रिप्लाय करा, वैतागून दुसऱ्या नावाने परत सबमिट करू नका, त्याने काम अजून लांबतं.

प्लगिन मंजूर झालं की कोडच्या आवृत्त्या ठेवायला गिट नाही, एसव्हीएन ही जुनी पद्धत मिळते, आणि त्यासाठी वेगळा पासवर्ड प्रोफाइलमधून काढावा लागतो. कोड ट्रंक फोल्डरमध्ये, प्रत्येक व्हर्जनची कॉपी टॅग्ज फोल्डरमध्ये, बॅनर-आयकॉन बाहेरच्या ॲसेट्स फोल्डरमध्ये. रीडमी फाइलमधला स्टेबल टॅग (लोकांना द्यायच्या व्हर्जनचा नंबर) आणि मुख्य फाइलमधला व्हर्जन नंबर एकच आहे ना ते बघून मगच कमिट करा, नाहीतर लोकांना अपडेट दिसतच नाही आणि तुम्ही कॅशला शिव्या देत बसता.