नीटची तयारी: वाचलेल्या धड्यांतले मार्क जातात कुठे?

निकालाच्या दिवशी कितीतरी घरांत एकच वाक्य ऐकू येतं, "अभ्यास तर खूप केला होता." आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. मुलं दोन-दोन वर्षं क्लास, कॉलेज आणि टेस्ट सिरीजमध्ये अक्षरशः पिळून निघतात. पण त्यांच्यासोबत सराव पेपर उलगडून बसलं, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. न वाचलेल्या धड्यांपेक्षा वाचलेल्या धड्यांतच जास्त मार्क गेलेले असतात. असं का होतं आणि त्यावर काय करता येतं, हे इथे लिहितो आहे.

आधी पेपरचं स्वरूप. नीट, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा, २०२५ पासून पुन्हा जुन्या स्वरूपात आली. १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, १८० मिनिटं, ७२० मार्क. भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९० प्रश्न. बरोबर उत्तराला चार मार्क, चुकीला उणे एक. २०२१ ते २०२४ या वर्षांत पेपरात २०० प्रश्न असत आणि त्यातले १८० सोडवायचे असत. २०२२ ते २०२४ मध्ये वेळही २०० मिनिटांचा होता. त्या वर्षांचे पेपर सरावाला जरूर घ्या, पण घड्याळ मात्र आजचं लावा. जुन्या पेपरात सैल वेळेत मिळालेले मार्क बघून निर्धास्त झालेली मुलं परीक्षेत शेवटच्या वीस मिनिटांत गडबडतात.

बोर्डाचं पुस्तक आणि एनसीईआरटी यांची गल्लत

ही चूक महाराष्ट्र बोर्डाच्या मुलांची आहे आणि ती कुणी वेळेवर सांगत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्या बोर्डाची आणि एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेची पुस्तकं विषयाने सारखी असली तरी धड्यांची वाटणी वेगळी आहे. घूर्णन गती, द्रायूंचे गुणधर्म, दोलन, उष्मागतिकी हे भौतिकशास्त्राचे धडे आपल्याकडे बारावीत येतात, एनसीईआरटीत अकरावीत. रसायनशास्त्रात रासायनिक उष्मागतिकी आणि आयनिक समतोल यांचंही तसंच. जीवशास्त्रात श्वसन आणि रक्ताभिसरण, चेतासंस्था, वनस्पतींची वाढ हे सगळं आपण बारावीत शिकतो, एनसीईआरटी ते अकरावीतच संपवते.

याचा परिणाम असा होतो की टेस्ट सिरीजमध्ये 'अकरावीचा पूर्ण पेपर' आला, की बोर्डाच्या मुलाला निम्मे धडे अनोळखी वाटतात. तो समजतो, आपणच कच्चे आहोत. खरं तर ते धडे त्याला अजून शिकवलेलेच नसतात. उलटही घडतं. बारावीच्या रसायनशास्त्राचा पहिलाच धडा स्थायू अवस्था. मुलं त्यात नीटच्या दृष्टीने आठवडे घालवतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम सुधारला तेव्हा स्थायू अवस्था, पृष्ठरसायन, बहुवारिके हे धडे वगळले गेले. जीवशास्त्रातून वनस्पतींतलं वहन, खनिज पोषण, पचनसंस्था असे धडे गेले. बोर्डाच्या परीक्षेसाठी तुमच्या पुस्तकात असलेलं सगळं करायचंच आहे, पण नीटची रिव्हिजन करताना त्याला तेवढाच वेळ द्यायचं कारण नाही.

काही गोष्टी मात्र नव्याने आल्या. प्रयोगांवर आधारित भाग भौतिकशास्त्रात आणि रसायनशास्त्रात स्पष्टपणे लिहिला आहे. व्हर्निअर कॅलिपर, स्क्रू गेज, क्षारांचं विश्लेषण. जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवणाऱ्या मुलांचे इथले मार्क हमखास जातात.

उपाय साधा आहे. आयोगाच्या अभ्यासक्रमाची प्रिंट काढा. प्रत्येक घटकासमोर दोन रकाने करा: बोर्डाच्या पुस्तकात कुठे, एनसीईआरटीत कुठे. एक दुपार लागेल. पुढची दोन वर्षं तोच कागद भिंतीवर राहू द्या. नीटसाठी मूळ वाचन एनसीईआरटीचं असावं, विशेषतः जीवशास्त्रात. तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी आणि धड्याच्या शेवटचा सारांशसुद्धा वाचायचा. मराठीतून पेपर देता येतो आणि ते अगदी योग्य आहे, पण पुस्तिकेत इंग्रजी मजकूरही असतो आणि भाषांतराबद्दल शंका आली तर इंग्रजीच ग्राह्य धरलं जातं. म्हणून मराठीतून शिकणाऱ्यांनीही संज्ञा दोन्ही भाषांत ओळखता येतील इतपत सराव ठेवावा.

पाचव्यांदा वाचलं, तरी प्रश्न चुकतो

लक्षण: धडा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, पानं पिवळ्या मार्करने भरलेली असतात, पण विधानांचा प्रश्न आला की दोन पर्यायांत अडकायला होतं.

कारण: ओळखणं आणि आठवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पुस्तक उघडं असताना मेंदूला फक्त ओळखायचं असतं. एक उदाहरण घ्या, प्रकाशसंश्लेषणातल्या रुबिस्को या विकराचं. सी-४ वनस्पतींवर विधान आलं, "सी-४ वनस्पतींत रुबिस्को नसतो." धडा अनेकदा वाचलेली मुलंसुद्धा याला बरोबर म्हणतात. पुस्तकात असं आहे की पर्णमध्योतीच्या पेशींत रुबिस्को नसतो, पूलआवरणाच्या पेशींत असतो. 'रुबिस्को नसतो' एवढं डोक्यात उरतं आणि कुठे, हे गळून जातं. विधानांचे प्रश्न नेमके त्या गळलेल्या शब्दावर बेतलेले असतात.

म्हणून वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरा. पहिल्या काही वेळा हा कागद बघून वाईट वाटेल. वाटू द्या. तोच लाल मजकूर दोन-तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने पुन्हा आठवून लिहायचा. याने वाचनाचा वेग कमी होतो, हे खरं आहे. पण चार वेळा नुसतं वाचण्यापेक्षा दोनदा असं केलेलं जास्त टिकतं.

सराव पेपर देतो, पण मार्क तिथेच अडकलेत

सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच आहे.

नेहमीचं चित्र असं असतं. रविवारी टेस्ट, संध्याकाळी मार्क, घरात त्यावर चर्चा, थोडं रडणं किंवा थोडी शाबासकी, आणि सोमवारपासून नवा धडा. पेपर कपाटात जातो. तीन तास पेपर दिला, पण त्यातून शिकण्याला अर्धा तासही दिला नाही. पेपर दिल्याने फक्त आजार कळतो. औषध त्यानंतरच्या विश्लेषणात आहे.

चुकलेल्या किंवा सोडलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर कारण लिहा. कारणं साधारण चारच असतात:

- माहीतच नव्हतं.
- माहीत होतं, पण ऐन वेळी आठवलं नाही.
- आठवलं, पण वाचण्यात, आकडेमोडीत किंवा उत्तरपत्रिकेतला गोळा भरण्यात चुकलं.
- वेळच उरला नाही.

या चारही कारणांचे इलाज वेगळे आहेत आणि मुलं सगळ्यांवर एकच इलाज करतात, तो म्हणजे धडा पुन्हा वाचणं. तो फक्त पहिल्या प्रकाराला लागू पडतो. दुसऱ्याला वर सांगितलेला मिटल्या पुस्तकाचा सराव हवा. चौथ्याला घड्याळ लावून लहान लहान संच सोडवणं हवं.

तिसऱ्या प्रकाराला मुलं 'सिली मिस्टेक' म्हणून सोडून देतात आणि मला याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटतं. या चुका योगायोगाच्या नसतात, त्या प्रत्येकाच्या ठरलेल्या असतात. कुणी दर पेपरात 'अयोग्य विधान ओळखा' मधला 'अ' वाचत नाही. कुणी आरशाच्या आणि भिंगाच्या सूत्रात चिन्हं उलटी घालतो. कुणाचं एककांत बिनसतं. ५ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचं क्षेत्रफळ ०.००२५ चौरस मीटर. घाईत पंचवीसला एकदाच शंभराने भागून ०.२५ लिहिलं जातं, उत्तर शंभर पटीने चुकतं, आणि ते चुकीचं उत्तर पर्यायांत हजर असतं, कारण पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते.

एक पातळ वही करा आणि त्यात फक्त तिसऱ्या प्रकारच्या चुका लिहा, एका ओळीत, तारखेसह. महिन्याभरात तुमच्या दोन-तीन ठरलेल्या चुका तुम्हालाच दिसतील. मग त्यांवर नेमका बंदोबस्त करता येतो: 'अयोग्य' शब्दाभोवती आधी गोल काढायचा, दिलेली सगळी मापं सूत्रात घालण्याआधी एककांसह बदलून लिहायची, चिन्हं आकृती काढूनच ठरवायची. असा एक चुकणारा प्रश्न बरोबर आला, तर उणे एक जाऊन चार येतात. म्हणजे पाच मार्कांचा फरक. असे सहा प्रश्न सावरले तर तीस मार्क, एकही नवा धडा न वाचता.

गेल्या वर्षीच्या कटऑफवरून 'मला इतकेच हवेत' असं ठरवणंही फसवं आहे. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी ७२० मार्क होते. २०२५ ला भौतिकशास्त्र अवघड गेलं आणि देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे मार्क ६८६ होते. पेपर बदलला की आकडा बदलतो. स्वतःची तुलना स्वतःच्या मागच्या पेपरशी करा.

अंदाज: भीतीही नको, जुगारही नको

"येत नसेल तर हात लावू नकोस" हा सल्ला सरसकट बरोबर नाही. गणित करून बघा. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील, तर अशा प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड मार्क मिळतो. एकच पर्याय बाद झाला तरी हिशोब किंचित तुमच्या बाजूने असतो. पण 'खात्रीने बाद' हे महत्त्वाचं आहे. 'मला वाटतं हा नसावा' ही खात्री नव्हे. सराव पेपरांत अंदाजाने सोडवलेल्या प्रश्नांवर खूण करा आणि नंतर त्यातले किती बरोबर आले ते मोजा. काही मुलांचा अंदाज खरंच चांगला असतो, काहींचा नाही. तुमचा कसा आहे, ते परीक्षेआधी तुम्हाला माहीत असायला हवं.

भौतिकशास्त्र 'नंतर बघू'

जीवशास्त्राचे ३६० मार्क बघून मुलं भौतिकशास्त्र मागे टाकतात. पण जीवशास्त्रात बरीच मुलं चांगलं करतात, त्यामुळे रँकमधलं अंतर अनेकदा भौतिकशास्त्रात पडतं. सूत्रांची यादी पाठ करून ते येत नाही. रोज थोडी गणितं, कॅल्क्युलेटरशिवाय, पूर्ण आकडेमोड करून. सोडवलेलं उदाहरण वाचून 'कळलं' म्हणू नका. ते झाकून पुन्हा सोडवा.

पेपरचे तीन तास

नीट दुपारी दोन ते पाच असते. रात्री तीनपर्यंत जागून दुपारी झोपणाऱ्या मुलाचा मेंदू नेमका त्याच वेळी मंदावलेला असतो. एप्रिलमध्ये पूर्ण पेपर दुपारी दोनलाच, त्या उकाड्यातच सोडवा.

सगळे गोळे शेवटी भरणार, हा बेत सोडून द्या. बॉलपेनने भरलेला गोळा खोडता येत नाही, आणि एक प्रश्न सरकला की पुढची रांगच सरकते. पानागणिक भरत जा. सरावही छापील ओएमआर शीटवर (गोळ्यांच्या उत्तरपत्रिकेवर), बॉलपेननेच करा. पुस्तिकेवरचा आणि ओएमआरवरचा कोड जुळतो का, ते सुरुवातीलाच बघा.

विषयांचा क्रम सराव पेपरांतच ठरवा. बरीच मुलं जीवशास्त्र पाऊण तासाच्या आसपास संपवून उरलेल्या वेळातला मोठा वाटा भौतिकशास्त्राला देतात. परीक्षेच्या दिवशी नवा क्रम नको. केंद्राचं फाटक दीड वाजता बंद होतं. हातात घड्याळ चालत नाही. प्रवेशपत्रावरच्या सूचना आदल्या दिवशी मोठ्याने वाचा, सोबत घरातलं कुणीतरी बसवून.

झोप, ताण आणि घरचे

झोप कमी करून वाढवलेले तास वहीत दिसतात, मार्कांत दिसत नाहीत. दिवसभरात वाचलेलं पक्कं होण्यासाठी झोप लागते.

पालकांना एक विनंती. दर रविवारी "किती पडले?" विचारण्याऐवजी "या वेळी काय चुकलं, सापडलं का?" असं विचारा. आणि मूल जेवत-झोपत नसेल, बोलणं बंद केलं असेल, किंवा 'मी नसतो तर बरं' असं काही बोललं, तर त्याला अभ्यासाचा कंटाळा समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोला. केंद्र सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास उपलब्ध आहे. नीट देण्याच्या संधींवर मर्यादा नाही. पुढच्या वर्षीही ही परीक्षा आहे.

मार्क आले, पण कागद नाहीत

बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि आरक्षित प्रवर्गाला ४० टक्के हवेत, शिवाय इंग्रजीत उत्तीर्ण व्हावं लागतं. त्यामुळे बोर्डाकडे पूर्ण पाठ फिरवता येत नाही.

सरकारी महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरल्या जातात. दोन्हीकडची कागदपत्रं सारखी नसतात. अखिल भारतीय कोट्यात ओबीसीचा लाभ घ्यायचा तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात लागतं, राज्याचं चालत नाही. राज्याच्या कोट्यात आरक्षित जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते मिळायला महिने जातात. विज्ञान शाखेच्या मुलांना त्याचा अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. तो बारावीच्या सुरुवातीलाच करा, आणि डोमिसाइलचा अर्जही त्याच आठवड्यात देऊन टाका. मे-जूनमध्ये सेतू केंद्रांवर रांगा लागलेल्या असतात.