ड्रॅक्युला विरुद्ध सुपरहिरो : ही कॉमिक्स कुठून आणि कशी वाचायला घ्यावीत

एखादी जाडजूड महाकथा उघडायची, वीस-पंचवीस पात्रं एकदम अंगावर यायची आणि दहाव्या पानावर पुस्तक मिटायचं. व्हॅम्पायर आणि सुपरहिरो यांच्या कॉमिक्सशी बहुतेकांची पहिली गाठ अशीच पडते. माझी पडली ती २०१० सालच्या एक्स-मेनच्या, म्हणजे जन्मतःच अचाट शक्ती असलेल्या हिरोंच्या टोळीच्या, एका कथेशी. त्यातली ज्युबिली कोण आणि सगळे तिच्यासाठी एवढे का हळहळताहेत, हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही. चूक कथेची नव्हती, मी ती फार लवकर उघडली होती.

त्याआधी एक घोळ मिटवून टाकू. व्हॅम्पायर म्हणजे आपला वेताळ नव्हे. रिचर्ड बर्टनने १८७० साली विक्रम-वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाचा सरळ व्हॅम्पायर करून टाकला आणि तेव्हापासून ही गल्लत चालू आहे. आपला वेताळ प्रेतात शिरतो, कोडं घालतो आणि राजा बोलला की पुन्हा झाडाला जाऊन लटकतो. आरवलीच्या वेतोबाला तर लोक चपला वाहतात. मानेला दात लावून रक्त पिणारा, उन्हात जळणारा, शवपेटीत झोपणारा सरदार हा युरोपचा. कॉमिक्समध्ये तो आला तो मुख्यतः १८९७ च्या 'ड्रॅक्युला' कादंबरीतून. या कादंबरीवर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, म्हणून तो अमेरिकेतल्या दोन्ही बड्या कॉमिक्स-प्रकाशकांकडे, मार्व्हलकडेही आहे आणि डीसीकडेही.

पायरी १ : कथा कुठल्या जगात घडते ते आधी बघा

कथा नेहमीच्या जगातली आहे की 'समजा असं झालं तर' या जातीची, हे मलपृष्ठावर किंवा पहिल्या दोन पानांत कळतं. समजा-जातीच्या कथेत लेखक कुणालाही मारू शकतो, कारण पुढच्या महिन्याच्या अंकाची चिंता नसते. डीसीची बॅटमन-ड्रॅक्युला त्रयी अशीच आहे : 'रेड रेन' (१९९१), 'ब्लडस्टॉर्म' (१९९४) आणि 'क्रिमझन मिस्ट' (१९९८). लेखक डग मेंच, चित्रकार केली जोन्स. ड्रॅक्युलाशी लढायला बॅटमन स्वतःच व्हॅम्पायर होतो आणि मग त्याची फरपट सुरू होते. आधीचं काहीही वाचलेलं नसलं तरी अडत नाही. जोन्सने काढलेले बॅटमनचे ते लांबच लांब कान आणि मैलभर पसरलेला झगा आवडला नाही, असा वाचक मला अजून भेटायचा आहे.

पायरी २ : नियमांचा कागद करा

हसू नका, खरंच एक कागद घ्या. एका बाजूला व्हॅम्पायरचे नियम लिहा : ऊन, लाकडी खुंटा, क्रूस, चांदी, लसूण, बोलावल्याशिवाय घरात पाऊल टाकता न येणं. दुसऱ्या बाजूला त्या कथेतला हिरो लिहा. मग वाचताना एवढंच बघा, की लेखकाने कोणता नियम उचलला आणि त्याचं काय केलं. या प्रकारातली सगळी गंमत त्यातच आहे. नुसती हाणामारी काय, कुठल्याही कॉमिकमध्ये मिळते.

क्रूसाचंच घ्या. १९८२ च्या 'अनकॅनी एक्स-मेन'च्या १५९ व्या अंकात ड्रॅक्युला एक्स-मेनमधल्या स्टॉर्मच्या मागे लागतो. तिचा साथीदार वुल्व्हरिन हातातून निघणारे पंजे आडवेउभे धरून क्रूस करतो, ड्रॅक्युलाला काहीच होत नाही, कारण वुल्व्हरिनची त्यावर श्रद्धाच नाही. टोळीतलाच नाइटक्रॉलर कॅथलिक आहे, त्याचा क्रूस चालतो. आणि त्यांच्यातल्याच किटी प्राइडच्या गळ्याला हात घालताच ड्रॅक्युलाचा हात पोळतो, कारण तिच्या गळ्यात यहुद्यांचा सहा टोकांचा तारा आहे. म्हणजे ताकद वस्तूत नाही, धरणाऱ्यात आहे. दोन-तीन चौकटींत तीन माणसांचे स्वभाव उघडे पडले, आणि तेही मारामारी चालू असताना.

'आमंत्रणाशिवाय प्रवेश नाही' हा नियम तर २००९ च्या 'कॅप्टन ब्रिटन अँड एमआय-१३'च्या शेवटच्या कथेत घरावरून उचलून अख्ख्या देशाला लावला आहे (अंक १० ते १५, लेखक पॉल कॉर्नेल). ड्रॅक्युलाला ब्रिटन जिंकायचं आहे, पण बोलावणं आल्याशिवाय त्याच्या फौजेला आत येता येत नाही. सुरुवातच चंद्रावर होते, ड्रॅक्युला आणि मार्व्हलचा दुसरा बडा खलनायक डॉक्टर डूम यांच्या खलबतांनी. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत हुशार कथा आहे, पण ती तिसरी-चौथी वाचा, पहिली नको.

आणि ऊन? सुपरमॅनची सगळी शक्ती सूर्यातून येते. मग त्याला ड्रॅक्युला चावला तर? २००२ च्या 'सुपरमॅन'च्या १८० व्या अंकात नेमकं हेच घडतं. घोटभर ऊन प्यायल्यावर व्हॅम्पायरचं काय व्हायचं ते होतं. एका अंकात आटोपणारी गोष्ट आहे, कागदाची सवय करायला हीच घ्या.

पायरी ३ : सतरा वर्षांची गैरहजेरी समजून घ्या

जुने अंक शोधताना एक पोकळी दिसेल. १९३९ मध्ये, जन्मून जेमतेम पाच महिने झालेला बॅटमन 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ३१ आणि ३२ व्या अंकांत 'मंक' नावाच्या व्हॅम्पायरच्या मागे हंगेरीपर्यंत जातो आणि शवपेटीत झोपलेल्या त्याला चांदीच्या गोळ्या घालतो. हो, पिस्तुलाने. आजच्या बॅटमनच्या भक्तांना तो प्रसंग दाखवून बघा.

मग १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्स कोड आला. मुलं बिघडतात या ओरड्यावर प्रकाशकांनी स्वतःच घालून घेतलेलं हे बंधन, आणि त्यात व्हॅम्पायर नाव घेऊन बंद केले होते. १९७१ मध्ये ते सैल झालं. त्याच वर्षी 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या १०१ व्या अंकात मॉर्बियस आला. हा शापाने नव्हे, स्वतःच्या रक्ताच्या आजारावर केलेल्या प्रयोगातून झालेला व्हॅम्पायर. त्या वेळी स्पायडर-मॅनला सहा हात फुटलेले होते, ती एक वेगळीच भानगड. पुढच्या वर्षी 'टूम ऑफ ड्रॅक्युला' सुरू झालं आणि १९७९ पर्यंत ७० अंक चाललं. सगळेच्या सगळे अंक जीन कोलनने काढले. १९७३ मध्ये त्याच्या दहाव्या अंकात ब्लेड आला. हा मूळचा ब्लेड साधा माणूस होता, हातात लाकडी सुरे, आणि चावलं तरी व्हॅम्पायर होणार नाही एवढीच त्याची खासियत. सिनेमातली अर्ध-व्हॅम्पायर ताकद कॉमिकमधल्या ब्लेडला १९९९ मध्ये मिळाली, मॉर्बियस चावल्यावर. सिनेमा १९९८ चा, कॉमिक मागून आलं.

पायरी ४ : दोन अंकांच्या भेटीपासून सुरुवात करा

क्रॉसओव्हर म्हणजे दोन मालिकांच्या कथा एकमेकींत गुंतणं. अर्धी गोष्ट एका मालिकेच्या अंकात, उरलेली दुसरीच्या. सर्वांत सोपा आणि चांगला नमुना १९७६ चा आहे : 'टूम ऑफ ड्रॅक्युला' ४४ आणि 'डॉक्टर स्ट्रेंज' १४. ड्रॅक्युला जादूगार हिरो स्ट्रेंजच्या सेवकाचा, वाँगचा बळी घेतो, म्हणून स्ट्रेंज त्याला गाठतो. लेखक दोन, मार्व्ह वुल्फमन आणि स्टीव्ह एंगलहार्ट, पण दोन्ही अंकांचा चित्रकार कोलनच. त्यामुळे मालिका बदलली तरी चित्रांतलं धुकं तेच राहतं. क्रम मात्र चुकवू नका, आधी ४४, मग १४.

त्यानंतर 'कॅप्टन अमेरिका' २५३-२५४ (१९८१). रॉजर स्टर्न आणि जॉन बर्न यांची जोडी, इंग्लंडातला वाडा, दुसऱ्या महायुद्धापासूनचा वैरी बॅरन ब्लड. त्याचं कॅप्टन शेवटी ढालीने काय करतो, हे त्या काळच्या अंकात कसं छापू दिलं याचं मला अजून नवल वाटतं.

पायरी ५ : मग महाकथा, पण आधी मुख्य अंक

मार्व्हलची 'ब्लड हंट' (२०२४, लेखक जेड मॅके, चित्रकार पेपे लारास) मुळात फक्त पाच अंकांची आहे. तिच्याभोवती इतर मालिकांचे जोड-अंक ढिगाने आहेत आणि वाचक गुदमरतो तो तिथे. आधी नुसते पाच वाचा. इथे लेखकाने नियमांच्या कागदावरची पहिलीच ओळ खोडली आहे : आकाश काळोखाने झाकून टाकलं, म्हणजे ऊनच नाही. मग ज्या हिरोचं पुढे काय झालं याची चुटपुट लागेल, त्याचेच जोड-अंक शोधा. मॅकेने २०२१ पासून लिहिलेला 'मून नाइट' हा 'ब्लड हंट'ला जोडलेला सर्वांत चांगला धागा.

डीसीकडची बारा अंकांची 'डीसी व्हर्सेस व्हॅम्पायर्स' (२०२१ पासून) समजा-जातीची आहे. हिरोंमध्येच व्हॅम्पायर शिरलेत आणि कोण ते माहीत नाही. ती वाचायच्या आधी नेटवर काहीही शोधू नका, अगदी मुखपृष्ठंसुद्धा. रक्तपात भरपूर आहे, तेव्हा घरातल्या दहा वर्षांच्या मुलाच्या हाती ती देऊ नका. 'ब्लड हंट'चीही जास्त रक्ताळ अशी लाल पट्टीची आवृत्ती आहे, मागवताना बघून मागवा.

मिळवायचं कसं

सुटे जुने अंक शोधत बसू नका, ते संग्राहकांचं काम आणि त्यांच्याच खिशाला परवडणारं. संग्रहित आवृत्त्या, म्हणजे अनेक अंक एकत्र बांधलेली पुस्तकं, घ्या किंवा मार्व्हल अनलिमिटेड या मार्व्हलच्याच अ‍ॅपची वर्गणी भरून फोनवर वाचा. तिथे नवे अंक साधारण तीन महिन्यांनी येतात. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचायची सोय असते, पण कोलनची पानं तशी वाचू नका. त्याच्या तिरक्या चौकटी एकमेकींत सांडतात, पूर्ण पान दिसलं तरच ते कळतं. टॅब्लेट उसना मिळाला तर घ्या.

आणि हो, ज्युबिली. सॅन फ्रान्सिस्कोच्या चौकात एक व्हॅम्पायर स्वतःला उडवून देतो आणि त्याचं रक्त तिच्या अंगावर उडतं. तेव्हा तिच्या शक्ती आधीच गेलेल्या असतात. हे एवढं ठाऊक असेल तर २०१० ची ती कथा, 'एक्स-मेन'चे पहिले सहा अंक, खुशाल उघडा.